द. सा. द. शे. बेचाळीस

परवा दुपारी मशीनवर प्लेट चढवत होतो आणि फोन वाजला. हाताला शाई, त्यामुळे मामांनीच तो माझ्या कानाला लावला. पलीकडे एक गोड आवाज. "सर, आपल्या नावाने प्री-अप्रूव्ह्ड क्रेडिट कार्ड आलेलं आहे, लाइफटाइम फ्री." मी नको म्हटलं. "सर, पण का नको?" म्हटलं, एक आहे माझ्याकडे. "मग सर, हे बिझनेससाठी ठेवा ना. पेपर वगैरे घेताना उपयोगी पडेल."

मामा खो खो हसायला लागले. मामा आमच्याकडे अण्णांच्या काळापासून मशीनवर आहेत, त्यामुळे या वाक्यात हसण्यासारखं काय आहे हे त्यांना पक्कं माहीत आहे. तुम्हाला माहीत नाही. किंवा नातेवाइकांपैकी काही जणांना अर्धवट माहीत आहे, आणि अर्धवट माहिती लग्नाकार्यात कशी फिरते हे मी पाहिलेलं आहे. तेव्हा म्हटलं, एकदा सगळं नीट लिहूनच टाकावं.

तर आमचा छापखाना. नारायण पेठेतल्या एका बोळात, तळमजल्यावर. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, गणपती मंडळांची पावतीपुस्तकं आणि अहवाल, आणि ऑगस्टपासून दिवाळी अंक. यातलं शेवटचं काम सगळ्यात मोठं आणि सगळ्यात उधारीचं. त्याचं गणित असं असतं की अंक छापून दिवाळीच्या आधी हातात द्यायचे, संपादक ते जाहिरातदारांना पाठवणार, जाहिरातदार पैसे कधी देणार तर त्यांच्या सोयीने, आणि त्यातून उरलं तर छापणाऱ्याला. कागद मात्र ऑगस्टमध्येच घ्यावा लागतो. म्हणजे ऑगस्ट ते जानेवारी या पाच-सहा महिन्यांत तो अंक खरं तर माझ्या पैशांवर निघालेला असतो. संपादकीयात माझा उल्लेख 'सुबक छपाईबद्दल आभार' एवढाच असतो. :)

अण्णांच्या वेळी हे पाच महिने कागदवाले शेठ सांभाळायचे. शेठचं दुकान अप्पा बळवंत चौकाजवळ. अण्णा फोन करायचे, "शेठ, वीस रीम पाठवा." पलीकडून लगेच "पाठवतो" असं कधीच यायचं नाही. आधी प्रश्न यायचे. कोणाचं काम आहे? किती प्रती? मागच्या वर्षीचे पैसे दिले का त्यांनी? मग कागद यायचा. साठ दिवसांची मुदत, कधी नव्वद. व्याज नाही. लिखापढी म्हणजे आमच्या लाल वहीत 'जमा' आणि त्यांच्या वहीत 'नावे', एवढीच.

मला या प्रश्नांचा भयंकर राग यायचा. माल घेतोय, पैसे देणार आहे, मग तुम्हाला काय करायचंय माझं गिऱ्हाईक कोण ते!

२०१६ मध्ये अण्णांनी छापखान्यात येणं कमी केलं आणि हिशेब माझ्याकडे आला. नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, पुढच्या जुलैत जीएसटी आला. शेठची मुदत साठावरून तीसवर आली. त्यांनाही मागून गिरण्यांचा तगादा असणार, पण ते मला आत्ता कळतं. तेव्हा मला दिसलं ते एवढंच की शेठ आखडते झाले. आणि नेमकं त्याच सुमाराला मला पहिलं क्रेडिट कार्ड मिळालं. लिमिट दीड लाख.

कार्डाचं गणित मला फार आवडलं, हे प्रामाणिकपणे सांगतो. माझं स्टेटमेंट निघायचं १८ तारखेला आणि पैसे भरायची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची ७. म्हणजे १९ तारखेला कागद घेतला, तर तो पुढच्या १८ ला बिलात येणार आणि पैसे त्याच्याही पुढे वीस दिवसांनी द्यायचे. चांगले पन्नास दिवस! बिनव्याजी! आणि कोणी विचारायला नाही की काम कोणाचं. १७ तारखेला घेतला तर मात्र जेमतेम वीस-एकवीस दिवस मिळतात. हे सगळं मी कॅलेंडरवर लाल-निळ्या पेनाने मांडून ठेवलं होतं. शेठ कार्ड घ्यायचे नाहीत. उपनगरातला एक मोठा डीलर घ्यायचा. भाव किलोमागे रुपयाने जास्त, पण मशीनवर कार्ड घासलं की विषय संपला. मी हळूहळू शेठकडून कागद घेणं बंद केलं. फोन करून सांगितलंसुद्धा नाही. त्यांच्याकडून एकदा निरोप आला, "अण्णांची तब्येत बरी आहे ना?" मला वाटलं, चौकशी करतायत. आता कळतं की ते दुसरंच काहीतरी विचारत होते.

पहिली दोन वर्षं खरोखर छान गेली. दर ७ तारखेला पूर्ण पैसे भरायचो. लिमिट वाढवून देऊ का, असा मेसेज आला, मी हो म्हटलं. दीडाचं अडीच झालं. दुसऱ्या बँकेने दुसरं कार्ड दिलं, मग तिसरं. मित्रांना मी सांगत सुटलो की अरे धंद्यासाठी बँकेकडे कशाला जायचं, कागदपत्रं द्या, जामीनदार आणा... त्या काळात वाचनही सगळं तसलंच. केव्हिन स्मिथ नावाच्या अमेरिकन पोराने क्रेडिट कार्डं संपेपर्यंत वापरून 'क्लार्क्स' हा सिनेमा काढला, तो १९९४ मध्ये गाजला. एअरबीएनबीवाल्यांनी २००८ च्या सुमाराला कार्डांवर कंपनी तगवली. हे वाचून छाती फुगायची. याच रस्त्याने गेलेल्या बाकीच्यांवर कोणी लेख लिहीत नाही, हे लक्षात यायला आपणच त्या बाकीच्यांत जाऊन बसावं लागतं.

आमची घसरण सुरू झाली २०१९ च्या दिवाळीत. कारण अगदी फुटकळ.

ऑगस्टच्या २० तारखेला ऐंशी हजारांचा कागद घेतला होता. ७ ऑक्टोबरला बिल भरायचं. खात्यात पैसे होते, पण त्याच दिवशी बाइंडरला काहीतरी द्यायचं होतं. म्हटलं, पाच हजार कमी भरू. पंचाहत्तर भरले. डोक्यात हिशेब असा की पाच हजारांवर महिन्याचं साडेतीन टक्के व्याज लागेल, म्हणजे पावणेदोनशे रुपये. चालतंय की.

पुढच्या बिलात व्याज आलं चार हजार चारशे ऐंशी. वर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे मागे ठेवले पाच हजार आणि त्यापायी लागले जवळजवळ पाच हजार तीनशे! मी तणतणत फोन केला. पलीकडच्या मुलाने शांतपणे समजावलं की सर, पूर्ण रक्कम भरली तरच बिनव्याजी मुदत मिळते. एक रुपया जरी मागे राहिला तरी ती मुदत गेली. मग सगळ्या ऐंशी हजारांवर, २० ऑगस्टपासून, म्हणजे कागद घेतला त्या दिवसापासून व्याज. अठ्ठेचाळीस दिवसांचं. शिवाय जोवर बाकी पूर्ण फिटत नाही तोवर नव्या खरेदीलाही पन्नास दिवस नाहीत. घासलं की त्याच दिवसापासून व्याज सुरू.

म्हणजे ज्या पन्नास दिवसांवर माझा सगळा डोलारा उभा होता ते पन्नास दिवस पाच हजार रुपयांपायी गेले. त्या दिवशी उठून शेठकडे किंवा अण्णांकडे गेलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण दिवाळी तोंडावर होती. मामांना आणि बाइंडिंगच्या दोघांना बोनस द्यायचा होता, तो रोखच द्यावा लागतो. मी कार्ड घेऊन एटीएममध्ये गेलो आणि चाळीस हजार काढले. अडीच टक्के फी, त्यावर जीएसटी, आणि रोख रकमेला बिनव्याजी मुदत मुळातच नसते. मामांनी पाकीट डोक्याला लावून खिशात ठेवलं. मला आतून कसंतरीच झालं.

दिवाळीनंतर ज्या अंकाचं सगळ्यात मोठं बिल होतं, त्या संपादकांचा फोन लागेना. लागला तेव्हा म्हणाले, जाहिरातींचे पैसे अडकलेत, जानेवारीत बघू. जानेवारीत म्हणाले, मार्चमध्ये नक्की. माणूस वाईट नव्हता. अंकही चांगला होता. कायद्याने बघायला गेलं तर २००६ च्या एमएसएमई कायद्यात छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यायचे, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. पण पेठेत राहून संपादकावर दावा लावणारा छापखाना मी तरी पाहिलेला नाही. पुढच्या वर्षीचं काम कोण देणार?

तेव्हा मी दर महिन्याला 'मिनिमम ड्यू' भरायला लागलो.

हे दोन शब्द फार धोकादायक आहेत. स्टेटमेंटवर वर ठळक मोठा आकडा, त्याच्याशेजारी हा छोटासा, गरीब बिचारा आकडा. तो भरला की दंड नाही, फोन नाही, सिबिलला बट्टा नाही. सगळं कसं शांत. माझ्या कार्डावर तो थकबाकीच्या पाच टक्के होता. लाखाला पाच हजार. त्यातले साडेतीन हजार व्याज, सहाशे तीस त्यावरचा जीएसटी. मुद्दलातून किती गेले? आठशे सत्तर. पाच हजार भरून आठशे सत्तर! आणि तेही नवीन काही घेतलं नाही तर. मी तर घेतच होतो, कारण कामं चालू होती आणि कामाला कागद लागतो.

या काळातली आणखी एक गोष्ट सांगायची लाज वाटते, पण सांगतो. एका कार्डाची तारीख आली की दुसऱ्या कार्डावरून पैसे काढायचे आणि पहिल्यात भरायचे. एक ओळखीचा दुकानदार अडीच टक्के घेऊन कार्ड घासायचा आणि रोख हातात ठेवायचा. वस्तू काहीच घ्यायची नाही, बिल मात्र मिक्सरचं. बँकेच्या नियमात हे बसत नाही हे त्यालाही माहीत आणि मलाही. तीनदा केलं. तिसऱ्यांदा दुकानातून बाहेर पडताना समोर आमच्या शाळेतले गणिताचे सर दिसले. त्यांनी "काय रे, खरेदी का?" असं विचारलं आणि मी "हो, मिक्सर" म्हटलं. हातात तर काहीच नव्हतं. सर काही बोलले नाहीत. त्यानंतर त्या दुकानात गेलो नाही.

घरी कोणालाही माहीत नव्हतं. स्टेटमेंट ईमेलवर यायचं ना! अण्णांच्या काळात कर्ज झालं की दारात माणूस यायचा, आळीला कळायचं. माझं कर्ज पासवर्ड घातल्याशिवाय उघडतसुद्धा नव्हतं. रात्री जेवण झाल्यावर मी 'जरा मेल बघतो' म्हणून बसायचो आणि तीन स्टेटमेंटं तीन खिडक्यांत उघडून नुसता बघत राहायचो.

मार्च २०२० मध्ये तिन्ही कार्डं मिळून बाकी चार लाख साठ हजार होती. आणि लॉकडाऊन लागला.

लग्नं पुढे गेली, आणि झाली ती पन्नास माणसांत. पत्रिका व्हॉट्सॲपवर. शाळा बंद, प्रश्नपत्रिका नाहीत. त्या वर्षी गणपती साधेपणाने बसले, अहवाल कोण छापतो? मार्चच्या अखेरीला रिझर्व्ह बँकेने हप्ते लांबणीवर टाकायची मुभा दिली, आधी तीन महिने, मग ऑगस्टअखेरपर्यंत. क्रेडिट कार्डही त्यात होतं. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि मोरॅटोरियम घेतलं. मला वाटलं सुट्टी आहे. सुट्टी फक्त भरण्याला होती, व्याजाला नव्हती. हे सगळे सांगत होते, टीव्हीवर, पेपरात. पण आपल्याला ऐकायचं तेवढंच आपण ऐकतो. सप्टेंबरमध्ये तिन्हींची बेरीज केली. पाच लाख शहाऐंशी हजार. सहा महिन्यांत एक कागदसुद्धा न घेता सव्वा लाख वाढले होते. (व्याजावरच्या व्याजाचा काही भाग सरकारने नंतर परत दिला, पण मूळ व्याज होतं तिथेच.)

त्या रात्री बायको पाणी प्यायला उठली आणि मला तसंच खिडक्या उघडून बसलेला बघून तिने दिवा लावला. "काय आहे?" मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. ती बराच वेळ बघत होती. मला वाटलं आता रडेल किंवा चिडेल. ती म्हणाली, "हे उद्या सकाळी अण्णांना दाखवायचं." मी म्हटलं, त्यांना कशाला, या वयात... ती म्हणाली, "त्यांच्या वयाचं काढू नकोस. तुला लाज वाटते म्हण." आणि दिवा घालवून झोपायला गेली.

अण्णांनी चष्मा लावला. स्टेटमेंट छापून आणायला लावलं, स्क्रीनवर त्यांना हिशेब दिसत नाही. मग पेन्सिल घेतली. पहिला प्रश्न विचारला, "दर काय?"

"साडेतीन टक्के."

"वर्षाला?"

"महिन्याला."

त्यांनी कागदावर लिहिलं: द. सा. द. शे. ४२. शाळेत शिकलो होतो आपण सगळेच, दर साल दर शेकडा. मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत भागिले शंभर. पण साडेतीन म्हटलं की ते साडेतीनच वाटतं. कोणी बेचाळीस म्हणून सांगितलं असतं तर मी त्या कार्डाला हात लावला असता का? आणि त्या बेचाळीसवर जीएसटी धरला की जवळजवळ पन्नास.

अण्णा त्या आकड्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "१९८२ ला ऑफसेट मशीन घेतलं तेव्हा तुझ्या आईच्या पाटल्या सावकाराकडे ठेवल्या होत्या. शेकडा तीन महिना. छत्तीस झाले." थोडं थांबून, "म्हणजे माझा सावकार तुझ्या बँकेपेक्षा स्वस्त होता."

पाटल्यांची गोष्ट मला माहीतच नव्हती. आई आतून म्हणाली, "सव्वा वर्षाने सोडवून आणल्या. तोवर मी हळदीकुंकवाला गेले नाही." त्यांच्या चाळीस वर्षांच्या संसारातली ही गोष्ट मला माझ्या स्टेटमेंटमुळे कळली.

मी तयारी करून बसलो होतो ती बोलणी खायची. अण्णांनी दुसराच प्रश्न विचारला. "तू उधारी किती दिवसांची देतोस?" म्हटलं, कोणाला तीन महिने, कोणाला सहा. "त्यावर व्याज किती लावतोस?" मी गप्प. अण्णांनी कागदाच्या डाव्या बाजूला शून्य लिहिलं आणि उजव्या बाजूला बेचाळीस. "म्हणजे तू बेचाळिसाने आणतोस आणि शून्याने वाटतोस. तुझा छापखाना नाही रे, तुझी पतपेढी आहे. आणि तीही तोट्यातली."

इतकं सोपं होतं ते! तीन वर्षं मी तारखांचे खेळ करत होतो, १८ आणि १९ आणि ७. आणि मूळ प्रश्नाकडे पाहिलंच नव्हतं. हे काम मला परवडतंय का, या भावात, या मुदतीत? शेठ फोनवर नेमकं तेच विचारायचे. कोणाचं काम आहे, पैसे दिले का त्यांनी. ते मला कागद देण्यापूर्वी माझ्या गिऱ्हाइकाची पत बघत होते, कारण त्यांचे पैसे त्यात अडकणार होते. कार्डाने कधी काही विचारलं नाही. उलट मी अडकत गेलो तसं त्याने लिमिट वाढवून दिलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. अण्णांनी एक लाख शहाऐंशी हजारांच्या ठेवी मोडल्या. मी नको म्हणत होतो, तर म्हणाले, "ठेवीला सहा टक्के मिळतात आणि तू पन्नास भरतोस. नको कसलं?" उरलेल्या चार लाखांसाठी आमच्या जुन्या सहकारी बँकेत गेलो. मशीन तारण, बारा टक्के, चार वर्षं. हप्ता साडेदहा हजार. ज्या दिवशी कर्ज मंजूर झालं त्या दिवशी मी गंमत म्हणून मांडून बघितलं: कार्डांवर पाच लाख शहाऐंशी हजारांचं नुसतं महिन्याचं व्याज आणि कर मिळून चोवीस हजार होत होते. आणि इथे मुद्दलासकट साडेदहा. बँकेच्या ज्या कागदपत्रांचा आणि जामीनदारांचा मला कंटाळा होता, त्या कंटाळ्याची किंमत ही.

दोन कार्डं बंद केली आणि आमच्या कटिंग मशीनमध्ये घातली. मामांनी स्वतः लीव्हर ओढला. प्लॅस्टिकला कागदासारखा आवाज येत नाही.

तिसरं ठेवलं. कार्ड वाईट आहे असं मला म्हणायचं नाही, नाहीतर तुम्ही म्हणाल की याला नाचता येईना आणि अंगण वाकडं. प्लेटा, शाई, ऑनलाइन मागवायचे सुटे भाग याला ते उत्तम आहे, खर्चाची नोंद आपोआप होते. फक्त आता ते घरखर्चाला वापरत नाही, छापखान्याचं एक ते एकच. ज्या कामाचे पैसे खात्यात आधीच आलेत त्याच कामासाठी घासतो, म्हणजे ७ तारखेला विचार करावा लागत नाही. पूर्ण बिल आपोआप खात्यातून जातं. त्यावरून रोख काढत नाही. आणि दिवाळी अंकाला आता अर्धे पैसे कागद घेण्यापूर्वी मागतो. पहिल्या वर्षी दोन अंक हातचे गेले. एक परत आला.

नियमही जरा सुधारलेत. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की मिनिमम ड्यू इतका तरी हवा की तो भरूनही बाकी वाढत जाऊ नये, आणि न भरलेल्या दंडावर, करांवर पुन्हा व्याज चढवायचं नाही. पण दर किती असावा याला वेसण नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तीस टक्क्यांच्या वरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल रद्द केला. आणि २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, म्हणजे आता चहाच्या टपरीवरसुद्धा उधारीने चहा पिता येतो. टपरीवाल्याला न सांगता. जपून रहा मंडळी, एवढंच म्हणतो.

आमचा शेवटचा हप्ता ऑक्टोबर २०२४ मध्ये गेला. त्या दिवाळीत वहीपूजनाला अण्णांनी लाल वही पुढ्यात घेतली, कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आणि मागच्या पानावर कर्जाची चार वर्षांची जी ओळ चालू होती तिच्या शेवटी थरथरत्या अक्षरात लिहिलं, 'निरंक'. मग वही माझ्याकडे सरकवून म्हणाले, "पुढचं तू."

शेठकडे मी त्याच्या कितीतरी आधी, कर्ज घेतल्यावर लगेचच गेलो होतो. काय बोलायचं याची रस्ताभर उजळणी केली होती. त्यांनी बोलूच दिलं नाही. चहा मागवला आणि म्हणाले, "अण्णांची तब्येत बरी आहे ना?"

आता गादीवर त्यांचा मुलगा बसतो. काल त्याला फोन केला, पंधरा रीम पाठव म्हणून. तर म्हणतो, "काका, कोणाचं काम आहे? पैसे दिलेत का त्यांनी?"

असो. टेम्पो आला वाटतं, मामा हाका मारतायत. कागद उतरवून घ्यायला हवा.